दोन्ही वाटा एकाच दाराशी

आमच्या गल्लीत मला 'केबलवाली आजी' म्हणतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या घरून निरोप येतो, "आजी, टीव्हीवर मालिका दिसेना, जरा येता का?" पूर्वी मी समजावून सांगायचे, की बाई गं, मी ज्या केबल लावल्या त्यांतून मालिका जात नव्हत्या. आता सांगत नाही. जाते, मागची वायर काढून परत खोचते, चहा पिते आणि येते. दहातल्या सात वेळा मालिका दिसायला लागते. उरलेल्या तीन वेळा मी म्हणते, "कंपनीकडूनच बंद आहे." नोकरीत शिकलेलं वाक्य आहे, वाया कशाला घालवायचं?

नोकरी म्हणजे नगरमधल्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयाची संगणक खोली, आणि त्याआधी सावेडीतल्या एका दुकानातर्फे जिल्हाभर केलेली फिरती. कुठल्या साली कुठे लागले आणि साहेब कोण होते, हे मी गाळते आहे. ते माझ्या नवऱ्यानेही कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर बजावलंय, "एखादा प्रसंग सांगा, पण साध्या वाचकाला कळेल असं लिहा." म्हणून आधी धंदा समजावते. तो समजला म्हणजे पुढे माझ्यावर नीट हसता येईल.

समजा, लग्नघर आहे. आचारी एकच ठेवला आणि तो ऐन वेळी तापाने आडवा झाला, तर? म्हणून आचारी दोन. हे आमचे दोन सर्व्हर. एक थांबला की दुसऱ्याने झारा हातात घ्यायचा, पंगतीला कळतासुद्धा कामा नये. पण मग एकाने अर्धवट शिजवलेला भात दुसऱ्याला सापडायला हवा, म्हणून दोघांची कोठी सामाईक. ही कोठी म्हणजे स्टोरेज, डिस्कांनी भरलेली एक लोखंडी पेटी. रुग्णालयाचं सगळं त्यात: केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सीटी स्कॅन. आता कोठीला दार एकच असलं आणि त्याची कडी अडकली, तर दोन आचारी असून वऱ्हाड उपाशी. म्हणून कोठीला दारं दोन. या दाराला आम्ही कंट्रोलर म्हणतो, पण आपण दारच म्हणू.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक आचाऱ्यापासून दोन्ही दारांपर्यंत वाट पाहिजे. म्हणजे दोन आचारी, दोन दारं, चार वाटा. त्यातल्या दोन सरळ जातात आणि दोन एकमेकींना ओलांडतात. कागदावर काढलं तर मधोमध फुली पडते. ती फुली दिसली की समजावं, काम बरोबर झालंय. वाट म्हणजे केबल. त्या वाटा घालायच्या, हे माझं काम.

इतकी साधी गोष्ट, पण लोकांना पटत नाही. कारण दुसरी वाट काहीच करताना दिसत नाही. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी चार केबल लावून आले. वर्षाने गेले तर तीनच. मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, ती वायर वर्षभर नुसती लटकलेली होती. काढून बघितली, काही फरक पडला नाही. मग घरी नेली."

मी त्यांना धारेवर धरलं. "गाडीत स्टेपनी ठेवता ना? ती वर्षभर नुसती लटकलेली असते. ती पण घरी नेता का?"

"मॅडम, स्टेपनी घरीच आहे. डिकीत सामानाला जागा होत नाही."

हा किस्सा मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगून हशा मिळवला. आता जो सांगणार आहे, तो सांगून कधी हशा मिळवलेला नाही.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे एकोणपन्नास. केस काळे, आवाज मोठा आणि स्वतःबद्दलचं मत आवाजापेक्षाही मोठं. रुग्णालयात एक्स-रेच्या आणि स्कॅनच्या फिल्म छापणं मीच बंद करायला लावलं होतं. चित्र एकदा कोठीत गेलं की वॉर्डात बघा, ओपीडीत बघा, ऑपरेशन थिएटरमध्ये बघा. फिल्म हवी कशाला? मेंदूचे सर्जन डॉक्टर पठारे तेवढे विरोधात होते. मितभाषी माणूस. मीटिंगमध्ये म्हणाले, "साळवेबाई, टेबलाशी फिल्म लावली की ती कुठे जात नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, बैलगाडीसुद्धा फारशी कुठे जात नाही."

सगळे हसले. फिल्म बंद झाली. असा एखादा शेरा जमला की मी आठवडाभर फुगलेली असे.

त्याच वर्षीची खंडेनवमी. आमच्या घरी सण म्हणजे नाताळ, पण खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि रुग्णालयात ती मोठ्या हौसेने व्हायची, तेव्हा मी मागे कशी राहणार? थिएटरमध्ये कात्र्या-चिमट्यांची पूजा, खाली जनरेटरची, ॲम्ब्युलन्सला झेंडूच्या माळा, धोबीखान्यातल्या मशीनलासुद्धा नारळ. वर्षातून एकदा दोन तास संगणक बंद ठेवायची मला परवानगी असे, ती मी मुद्दाम त्या दिवशी सकाळी घ्यायचे. माझ्याबरोबर असायचे भाऊसाहेब, आमच्या खोलीचे शिपाई. मूळचे शेतकरी, मितभाषी अजिबात नाहीत.

मी रॅकच्या मागे जाऊन चारही केबल उपटायला लागले, तसे भाऊसाहेब परात हातात धरून म्हणाले, "ताई, वायरी नका काढू. वरून वरून पुसू. बैल धुताना शिंगं उपटत्यात का कुनी?"

"भाऊसाहेब, तुम्ही फुलं बघा. वायरी मी बघते."

या केबल तांब्याच्या नसतात. आत केसाहून बारीक काच असते आणि तिच्यातून उजेड जातो. तिच्या टोकाला बोटसुद्धा लावायचं नसतं, हे मी दुसऱ्यांना शिकवायचे. त्या दिवशी मी टोकं पदराने पुसली. वर एक फुंकर मारली. मग दोन्ही सर्व्हरना आणि कोठीला हळदकुंकू लावलं, आणि त्याच बोटांनी चारही केबल परत खोचल्या.

खोचताना मनात आलं, ही मधली फुली किती गबाळी दिसते. झेंडूची माळ घातली तर फुलीमागे झाकून जाते आणि आपल्याला तर फोटो काढायचाय. म्हणून मी केबल सरळ घातल्या. पहिल्या सर्व्हरच्या दोन्ही पहिल्या दाराला, दुसऱ्याच्या दोन्ही दुसऱ्या दाराला. दोन वेण्या घातल्यासारख्या. प्लॅस्टिकचे पट्टे आवळून घट्ट बांधल्या, कुठे एक बोट ढिली ठेवली नाही. सगळं सुरू केलं. सगळे दिवे हिरवे. काम छान चाललं; चालणारच. आचारी उभे होते, कोठी उघडी होती. फक्त आता प्रत्येकाच्या दोन्ही वाटा एकाच दाराशी जात होत्या. पुढे कधीतरी फुली परत घालू, असं मनात ठेवलं आणि नारळ फोडला. मनात ठेवलेलं तिथेच राहिलं. महिन्याभरात मी ते साफ विसरले.

फोटो सुरेख आला. मी तो लॅमिनेट करून भिंतीवर लावला, वाटांच्या नकाशाच्या शेजारीच.

त्यानंतर एक दिवा इतरांपेक्षा भराभर डोळे मिचकावायचा. मी कौतुकाने दाखवायचे, "बघा भाऊसाहेब, हा सगळ्यांत कामसू."

"त्याचं डोळं आल्यात ताई," ते म्हणायचे.

होळीच्या आधीच्या आठवड्यात पहिल्या सर्व्हरचा मुख्य बोर्ड जळाला. तो दुरुस्तीला गेला आणि सगळा भार दुसऱ्यावर आला. मी निवांत होते. आचारी दोन कशासाठी ठेवतात? दोन दिवसांनी कोठीच्या दुसऱ्या दारावर पिवळा दिवा लागला. त्याच्या आतली बॅटरी आणि आणखी काय काय संपत आलं होतं. कंपनीने सांगितलं, इंजिनियर नवं दार घेऊन बुधवारी पुण्याहून येईल, चालू रुग्णालयात बदलून देईल. मी अजूनही निवांत होते. दारं दोन कशासाठी असतात?

बुधवारी सकाळी थिएटरच्या बाहेरच्या बाकावरून एक बाई उठून माझ्याकडे आल्या. तिशीच्या असतील. त्यांच्या नवऱ्याचा टेम्पो आदल्या दिवशी जामखेडजवळ उलटला होता, आणि कवटीच्या हाडाचा एक तुकडा आत घुसला होता. डॉक्टर पठारे अकरा वाजता नवऱ्याला ऑपरेशनसाठी घेणार होते.

"ओ बाई, तुमी काम्प्युटरवाल्या ना? आमच्या मालकांचा फोटू कुटंय?"

"कसला फोटो?"

"डोक्याचा. जामखेडात काढला तवा हातात दिला हुता. हितं पुन्यांदा काढला, पर कुनी देईना."

"ताई, इथे फोटो हातात देत नाहीत. तो मशीनमध्ये असतो. डॉक्टर आत पडद्यावर बघतात."

"आन् मशीन बंद पडलं तर?"

मी हसले. "बंद पडत नाही. त्याला दोन-दोन वाटा ठेवल्यात. एक गेली तर दुसरी."

"तुमी ठिवल्यात?"

"मी स्वतः."

"मग बरंय," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून परत बाकावर जाऊन बसल्या. त्यांनी ते खरं मानलं. अजूनही मला तो 'मग बरंय' नको नको होतो.

इंजिनियर अमेय यायला बारा वाजले. पोरगेला दिसणारा, पण हाताने जाणता. त्याने आल्या आल्या पडदा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, सकाळपासून तीनदा तक्रार आलीय. हे दार कधीही बंद पडेल. आत्ताच काढू या."

"थिएटर चालू आहे."

"चालू दे की. हे दार काढलं तरी सर्व्हरची एक केबल पहिल्या दाराला आहेच. आहे ना?"

"आहे."

"तपासलंय?"

"अमेय, मी स्वतः लावलीय." दिवसभरात दुसऱ्यांदा मी स्वतः.

पडद्यावर 'दोन वाटा, दोन्ही चालू' असं लिहिलेलं होतं. त्या कुठल्या दाराशी जातात ते बघायला आणखी एक पान उघडावं लागे. ते आम्ही दोघांनीही उघडलं नाही. अमेयने मागे जाऊन दुसऱ्या दाराच्या दोन्ही खिट्ट्यांवर अंगठे ठेवले. मी ऐटीत भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला, "हे बघ, चार वाटा, मधे फुली..."

नकाशात फुली होती. शेजारच्या फोटोत, झेंडूच्या माळेमागे, दोन सरळ वेण्या होत्या.

पाच महिने ती दोन चित्रं एकमेकांशेजारी लटकत होती आणि मी रोज त्यांच्याखाली बसून डबा खात होते. मला कानात काही ऐकूच येईना. पहिला सर्व्हर दुरुस्तीला. दुसऱ्याच्या दोन्ही वाटा त्या दाराला, ज्याच्यावर या पोराचे अंगठे आहेत. त्याने दार ओढलं की कोठी बंद. वरच्या मजल्यावर डॉक्टर पठाऱ्यांचा पडदा काळा. आणि फिल्म नाही.

"थांब!"

"काय झालं मॅडम?"

चूक सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच आलं. "राहुकाळ आहे."

"काय?"

"आज बुधवार. बारा ते दीड राहुकाळ. या वेळात काही काढायचं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, तुमच्या गळ्यात क्रॉस आहे."

"मग? राहूला काय माहीत?"

दारात उभ्या असलेल्या भाऊसाहेबांनी माझा चेहरा वाचला. ते काही बोलले नाहीत, ही त्यांच्या आयुष्यातली दुर्मीळ वेळ. अमेयने मात्र अंगठे काढले, खाली वाकला आणि केबलवरून हात फिरवत गेला. एकदा गेला, परत आला.

"मॅडम, या दोन्ही याच दाराला आहेत."

"हो."

"मी आत्ता ओढलं असतं तर..."

"हो रे बाबा. माहीत आहे."

तो जमिनीवरच बसला. मग तो म्हणाला, "ऑपरेशन संपेपर्यंत थांबू." मी विचारलं, "आणि तोवर हे दार आपोआप बंद पडलं तर?" तेवढ्यात पडद्यावर चौथी तक्रार आली. थांबलो तरी धोका, हात घातला तरी धोका. दोन केबलपैकी एक काढून पहिल्या दाराला लावायची, एवढंच करायचं होतं. पण ते करताना सगळं रुग्णालय उरलेल्या एका केबलवर तोलायचं, आणि ती केबल त्याच आजारी दाराला लागलेली.

"कुठली काढायची?" अमेयने विचारलं.

तेव्हा मला माझा कामसू दिवा आठवला. भराभर मिचकावणारा. काम जास्त होतं म्हणून तो मिचकावत नव्हता. त्याची वाट सारखी तुटत होती आणि जुळत होती. म्हणजे पाच महिने आम्ही दोन वाटांवर नव्हतोच. दीड वाटेवर होतो.

"ही," मी म्हटलं. "ही मिचकावणारी. धड असलेली राहू दे."

"मॅडम, थिएटरला फोन करायचा का? दोन मिनिटं हात थांबवा म्हणून?"

फोन माझ्या डोक्याशी भिंतीवर होता. तीन आकडे फिरवायचे. पण फोन केला की पठारे विचारणार, का? आणि मला सांगावं लागणार, की बैलगाडीवाल्या साळवेबाईंनी फोटोसाठी वाटा सरळ केल्या होत्या.

"कशाला?" मी म्हणाले. "त्यांना कळणारसुद्धा नाही."

केबल काढणं सोपं होतं, पण ती पहिल्या दारापर्यंत पोचेना. वेणी इतकी घट्ट की चार बोटंही सुटेना. पट्टे कापायला हवे होते. अमेयच्या पिशवीत हातोडीसुद्धा होती, कात्री नव्हती. भाऊसाहेबांनी कमरेची चंची सोडली आणि अडकित्ता पुढे केला. सुपारी कातरायचा. मी तो पट्ट्याखाली घातला. आत, नखाएवढ्या अंतरावर, चालू केबल.

"ताई, असा न्हाई धरत अडकित्ता," भाऊसाहेब म्हणाले. "द्या हिकडं. मी रोज सुपारी कातरतोय." आणि गुडघे टेकून त्यांनी एक, दोन, तीन पट्टे कातरले, काचेला न दुखवता, पातळ खांड पाडावी तसे.

मग मी मिचकावणारी केबल काढली.

पडद्यावर कामाची एक हिरवी रेघ धावत असते. ती खाली गेली आणि जमिनीला टेकली. सपाट.

"होईल," अमेय म्हणाला. "अडकलेली कामं दुसऱ्या वाटेने वळवतंय. होईल. होईल." तो मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. मी केबल हातात धरून उभी. भाऊसाहेब अडकित्ता हातात धरून उभे. मग रेघ उचलली.

अमेयने केबलचं टोक उजेडात धरलं. "मॅडम, हे पिवळं काय आहे?"

"हळद."

"आणि हे लाल?"

"खंडेनवमी होती."

त्याने टोक तीनदा साफ केलं. मी ते पहिल्या दारात खोचलं. दिवा लागला, हिरवा, एकदाही न मिचकावता. या वेळी आम्ही ते दुसरं पान उघडलं, दोघांनी मोठ्याने वाचलं, आणि मग त्याने आजारी दार काढून नवं बसवलं. रेघ जागची हलली नाही. एक वाजला होता. अमेय बाटलीभर पाणी एका दमात प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, सुटलो. कुणाला कळलंसुद्धा नाही."

मलाही तसंच वाटलं. डबासुद्धा खाल्ला मी त्या दिवशी, नीट, लोणच्यासकट.

तीनच्या सुमाराला डॉक्टर पठारे आमच्या खोलीत आले. ते कधी येत नसत. थिएटरचे हिरवे कपडे अंगावर, मास्क गळ्यात. भाऊसाहेबांच्या स्टुलावर बसले.

"पेशंट बरा आहे," त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, "साळवेबाई, सव्वाबाराच्या पुढे पडदा गोठला होता."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"हाडाचा तुकडा चिमट्यात धरला होता. कुठल्या अंगाने काढायचा ते पुढच्या चित्रात बघायचं होतं. चित्र मागितलं, आलं नाही. तुकडा सोडता येत नाही, ओढता येत नाही. मी हात तसाच धरून उभा राहिलो. अकरापर्यंत मोजलं. मग आलं." आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "काय झालं होतं?"

मी सांगितलं. फोटो, फुली, हळद, दोन्ही वाटा एकाच दाराशी. भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"खाली केबल हलवणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो."

"मग फोन?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

ते उठले. फोटो परत दिला. "तुमचा फोन आला असता तर मी तुकडा धरायच्या आधीच थांबलो असतो. मला काय, दोन मिनिटं उभं राहायची सवय आहे." आणि गेले.

अहवाल लिहायला बसले तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "ताई, माजं नाव घाला. पुजेत माज्याकडून वायरी हलल्या म्हना. शिपायाला कोन काय म्हनतंय?" तुमच्याशी खोटं कशाला बोलू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पेनसुद्धा टेकवलं होतं. मग त्यांच्या हातातला अडकित्ता दिसला आणि मी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, म्हणजे दुसरी कुठली साळवे समजायला नको. वरून एक कडक पत्र आलं. ते मी जपून ठेवलंय.

जामखेडचे ते गृहस्थ तीन आठवड्यांनी चालत घरी गेले. डाव्या हाताची पकड थोडी कमी राहिली होती. ती अपघातामुळे, असं डॉक्टर पठारे म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायचं माझं धाडस झालं नाही. त्यांच्या बायकोने जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, तुमी म्हनला हुता तसंच झालं, बंद पडलं न्हाई." मी मान हलवली. तिला काय सांगणार होते? अकरापर्यंत मोजलेले ते क्षण तिने ऐकून ठेवायचे तरी कुठे?

मेंदूच्या ऑपरेशनसाठी फिल्म पुन्हा छापायला लागा, हा अर्ज मीच केला. मंजूर झाला. एक्स-रे विभागातून फिल्मचं पाकीट थिएटरमध्ये पोचवायला माणूस नेमू म्हणाले, मी म्हटलं नको, मी नेईन. निवृत्त होईपर्यंत पठाऱ्यांच्या प्रत्येक ऑपरेशनच्या आधी ते पाकीट मी स्वतः वर नेलं. गुडघे कुरकुरायचे, सिस्टर लोक हसायच्या, म्हणायच्या, लिफ्टने या की हो साळवेबाई. मी जिन्यानेच जायचे. त्या इमारतीला जिने दोन होते. लिफ्ट एकच होती.